गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून बेअरिंग निघत नाही, आणि नवं बसवलं तरी आवाज परत येतो

पुलर, म्हणजे बेअरिंग ओढून काढायचं अवजार, लावला, पाना फिरवला, पुलरचे पाय घसरले. पुन्हा लावला, पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा बाहेरची रिंग छर्ऱ्यांसकट सुटून आली आणि आतली रिंग शाफ्टवर जशीच्या तशी चिकटून राहिली. घरी गिअरबॉक्स उघडणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते. दुसरी तक्रार याहून त्रासदायक आहे. बेअरिंग निघालं, नवं बसलं, सगळं जोडून गाडी रस्त्यावर आली, आणि थोड्याच दिवसांत तीच घरघर पुन्हा सुरू झाली.

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण माझ्या अनुभवात त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: जोर चुकीच्या रिंगवर गेलेला असतो. शाफ्टवरच्या बेअरिंगची आतली रिंग घट्ट बसलेली असते, बाहेरची नाही. काढताना ओढायची ती आतली रिंग आणि बसवताना दाबायची तीही आतलीच. बाहेरच्या रिंगला धरून ओढलं की तो सगळा जोर छर्ऱ्यांमधून आतल्या रिंगकडे जातो, आणि छर्रे ज्या खोबणीत फिरतात तिथे बारीक खड्डे पडतात. जुनं बेअरिंग फेकायचंच असेल तर त्याचं काही वाटायला नको. नव्यावर हे झालं तर ते बसवतानाच खराब होतं. आपल्याला ते कळतं मात्र गाडी चालवल्यावर.

आधी आवाज नक्की कुठून येतोय ते बघा

गिअरबॉक्स खाली उतरवायच्या आधी दहा मिनिटं याला द्या. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लचवरचा पाय काढलेला. या स्थितीत इनपुट शाफ्ट (इंजिनकडून फिरणारा) चालू असतो, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या रचनेच्या गिअरबॉक्समध्ये त्याला समांतर असलेला खालचा लेशाफ्टही. आता घरघर येत असेल आणि क्लच पूर्ण दाबल्यावर ती हळूहळू थांबत असेल, तर संशय याच शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यायचा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर आधी क्लचचं रिलीज बेअरिंग तपासा. त्यासाठी शाफ्ट उघडायची गरज नाही.

गाडी चालतानाच आवाज येत असेल आणि वेगाबरोबर त्याचा सूर चढत असेल, तर आउटपुट शाफ्ट (चाकांकडे जाणारा), डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा भाग) किंवा चाकाचं बेअरिंग. मागच्या चाकांच्या गाडीत चौथा गिअर थेट असेल तर आणखी एक खूण मिळते. त्या गिअरमध्ये इनपुट आणि आउटपुट शाफ्ट एकमेकांना जोडले जातात आणि लेशाफ्टवरचा भार उतरतो. बाकी सगळ्या गिअरमध्ये घरघर आणि फक्त चौथ्यात शांतता असेल, तर लेशाफ्टच्या बेअरिंगपासून सुरुवात करा.

ऑइल काढताना ते स्वच्छ भांड्यात काढा आणि उजेडात धरून बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा थर असणं नेहमीचं आहे. बोटांना टोचणारे चमकदार कपचे मिळाले तर ते बेअरिंगच्या किंवा दातांच्या पृष्ठभागाचे तुकडे असतात. पिवळसर चमचम दिसली तर ती बहुधा सिंक्रोच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या, पितळी रिंगची. असं काही मिळालं तर फक्त बेअरिंग बदलून थांबू नका.

अडलेलं बेअरिंग खरंच घट्ट आहे की काहीतरी त्याला धरून ठेवतंय?

माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे, म्हणून यावर जरा थांबतो. एकदा लेशाफ्टचं पुढचं बेअरिंग काढताना मी अर्धा तास पुलर ताणत होतो. पुलरचा स्क्रू वाकायला लागला तरी बेअरिंग जागचं हललं नाही. शेवटी सगळं सोडलं, शाफ्ट रॉकेलने धुतला, दात घासायच्या जुन्या ब्रशने बेअरिंगच्या तोंडाशी साचलेला काळा चिकटा काढला, आणि तिथे एक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी उघडी रिंग, दिसली. चिकट्याने खाच इतकी भरली होती की ती शाफ्टचाच एक पट्टा वाटत होती. सर्क्लिप काढल्यावर तेच बेअरिंग त्याच पुलरने दोन मिनिटांत उतरलं. तेव्हापासून शाफ्ट धुतल्याशिवाय मी पुलर हातात घेत नाही.

बेअरिंग धरून ठेवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत, पण त्या कुठे लपतात हे गिअरबॉक्सगणिक बदलतं. शाफ्टच्या खाचेतली सर्क्लिप. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर घराला (गिअरबॉक्सच्या कवचाला) टेकणारी स्नॅप रिंग. शाफ्टच्या टोकाचा नट, ज्याची कड छिन्नीने खाचेत दाबून बंद केलेली असते. बेअरिंग घरात अडवणारी, स्क्रूंनी बसवलेली पातळ पट्टी. थ्रस्ट वॉशरला (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा दाब घेणाऱ्या चकतीला) फिरू न देणारा एखादा बारीक छर्रा किंवा पिन. दाबलेली कड सरळ न करता नट सोडायला गेलात तर शाफ्टचे आटे हमखास जातात. काही गिअरबॉक्समध्ये हा नट उलट्या आट्यांचा असतो, त्यामुळे आटे कुठल्या दिशेने चढतात ते डोळ्यांनी बघूनच लांब पाना लावा.

दुसरी शक्यता अशी की बेअरिंग एकटं निघणारच नसतं. कित्येक शाफ्टवर बेअरिंगच्या मागे लगेच गिअर असतो, आणि मध्ये पुलरचे पाय जायला बोटभरही जागा नसते. तिथे गिअरच्या मागे आधार देऊन गिअर आणि बेअरिंग एकत्र दाबून काढायचं असतं. सिंक्रोचा हबही (मधला भाग) कधी शाफ्टवर दाबूनच बसवलेला असतो. त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं सुट्या भागांचं चित्र एकदा नीट बघितलं की कुठला भाग कुणाबरोबर उतरतो ते कळतं. ते चित्र न बघता गिअरच्या दातांना पुलर लावू नका. दाताचा कोपरा उडाला तर बेअरिंगचं काम बाजूला राहतं आणि गिअर बदलायची वेळ येते.

उतरवलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने एका तारेत ओवून ठेवा. प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. सिंक्रोच्या रिंगा एकसारख्या दिसल्या तरी प्रत्येक रिंग आपापल्या गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून बसलेली असते, म्हणून ती परत त्याच गिअरवर जायला हवी. हबची आणि त्यावर सरकणाऱ्या स्लीव्हची बाजू मार्करने खूण करून ठेवा. हब उलटा बसला तर गिअर पडत नाही किंवा पडलेला सुटतो, आणि मग दोष उगाच नव्या बेअरिंगवर जातो.

बेअरिंग किती घट्ट असतं, त्याचा अंदाज

25 मिमी भोकाच्या बेअरिंगचं भोक प्रत्यक्षात नेमक्या मापापासून 0.01 मिमीपर्यंत लहान असू शकतं, आणि शाफ्ट काही हजारांश मिलिमीटर मोठा घासलेला असतो. दोन्ही मिळून पकड होते ती साधारण 0.01 ते 0.02 मिमीची. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. इतक्याशा फरकावर बेअरिंग शाफ्टवर टिकून राहतं, म्हणून सरळ रेषेत लावलेल्या बेताच्या जोराने ते निघायला हवं. निघत नसेल तर जोर तिरका जातोय, बैठक (शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा) गंजली आहे, किंवा वर सांगितल्यासारखं काहीतरी अडवतंय.

बैठकीवर लालसर तपकिरी पावडर दिसली तर आतली रिंग शाफ्टवर सूक्ष्म हालत होती आणि त्या घर्षणातून गंज तयार झाला आहे. हा गंज गोंदासारखा धरतो. रिंग आणि शाफ्टच्या सांध्यावर गंज सोडवणारं पातळ तेल टाका, शाफ्ट उभा ठेवा, आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी पुन्हा एकदा टाका.

काढायची पद्धत

साधा दोन पायांचा पुलर या कामाला कमी पडतो. त्याचे पाय जाड असतात, बेअरिंगमागच्या फटीत जात नाहीत, आणि मग ते बाहेरच्या रिंगच्या काठावर अडकवले जातात. इथे लागतो तो बेअरिंग सेपरेटर. दोन अर्धी पाती, आतली धार पाचरीसारखी निमुळती, दोन्ही बाजूंना बोल्ट. पाती बेअरिंगच्या मागे, आतल्या रिंगच्या जवळात जवळ बसवा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने, प्रत्येक वेळी पाव फेरा असे आवळत जा. पाचर आत शिरते तसं बेअरिंग आपोआप थोडं पुढे सरकतं. पुष्कळदा तेवढ्यानेच गंजाची पकड मोडते. मग सेपरेटरला लांब बोल्टांचा पुलर जोडा किंवा तो प्रेसच्या आधारावर ठेवा.

पुलरचा स्क्रू थेट शाफ्टच्या टोकावर टेकवू नका. त्या टोकाच्या मध्यभागी एक छोटा खड्डा असतो. तो बिघडला तर पुढे कधी लेथवर शाफ्ट केंद्रात धरणं कठीण जातं. मध्ये एखादी जाड स्टीलची चकती ठेवा. टोकाला आटे असतील तर जुना नट टोकाच्या पातळीपर्यंत चढवून ठेवा, म्हणजे आटे फुलणार नाहीत. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा. ग्रीसशिवाय बराचसा जोर त्या आट्यांतच जिरतो.

ताण आला आणि तरी हालचाल नाही, तर पाना आणखी ओढू नका. आहे तो ताण तसाच ठेवून स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका, कोरडा ठोका द्या. मग पाव फेरा ताण, पुन्हा एक ठोका. बेअरिंग हललं की 'टक्' असा आवाज येतो आणि पाना एकदम सैल होतो. त्या क्षणी सेपरेटर किंवा पुलरचा पाय उडू शकतो. म्हणून सगळ्यावर जाड कापड किंवा गोणपाट गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि स्क्रूच्या रेषेत उभे राहू नका. बेअरिंगचं स्टील काचेसारखं फुटतं आणि त्याचा कपचा डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. तेवढ्यापुरता चष्मा काढून काम केलेलं मी पाहिलं आहे. तसं कधीही करू नका.

तरीही अडलं तर उष्णता. हीट गनने आतली रिंग गरम करा, शाफ्ट नाही. स्टील दर अंशाला आपल्या मापाच्या साधारण 12 दशलक्षांश इतकं फुगतं. हिशेब केला तर 25 मिमीची रिंग शाफ्टपेक्षा 100 अंशांनी जास्त गरम झाली की भोक 0.03 मिमी वाढतं. पकड 0.01 ते 0.02 ची होती, म्हणजे ती सुटायला हे पुरेसं आहे. अडचण एवढीच की उष्णता लगेच शाफ्टमध्ये उतरते आणि शाफ्टही फुगतो. म्हणून आधी पुलरचा ताण लावून ठेवायचा, मग रिंग झपाट्याने गरम करायची, आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुर्र करून उडाला की लगेच पाना फिरवायचा.

उघड्या ज्योतीपासून मी लांब राहतो. गिअर आणि शाफ्ट वरून कडक केलेले असतात. जास्त तापले की ती कडक त्वचा मऊ पडते. चकचकीत स्टीलवर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला म्हणजे तापमान 220 अंशांच्या आसपास गेलं, निळा दिसला म्हणजे 290 च्या पुढे. गिअरवर किंवा शाफ्टच्या बैठकीवर पिवळा रंग दिसायच्या खूप आधी थांबायला हवं. ज्योतीचा आणखी एक धोका म्हणजे बेअरिंगवर राहिलेलं ऑइल आणि रॉकेल.

हायड्रॉलिक प्रेस हाताशी असेल तर हेच काम शांतपणे होतं, फक्त शाफ्ट खाली पडू देऊ नका. पकड सुटते तेव्हा शाफ्ट अचानक खाली जातो आणि सगळं वजन दातांवर आपटतं. खाली जाड चिंध्यांची गादी करा, किंवा दुसऱ्या माणसाला शाफ्ट खालून हातात धरायला सांगा, बोटं आधाराच्या पट्ट्यांखाली येणार नाहीत अशा बेताने.

बाहेरची रिंग सुटून आली, आतली राहिली

घाबरू नका, हा प्रकार वाटतो तितका वाईट नाही. खोल खोबणीच्या साध्या बॉल बेअरिंगमध्ये छर्ऱ्यांची खोबण अजून शाफ्टवरच्या रिंगवर आहे, आणि सेपरेटरच्या निमुळत्या धारा त्याच खोबणीत छान बसतात. पाती खोबणीत आवळा आणि ओढा. कित्येकदा पूर्ण बेअरिंगपेक्षा ही एकटी रिंग सोपी जाते.

याचाच उपयोग मुद्दामही करता येतो. बेअरिंगच्या मागे पाती शिरायला जागाच नसेल आणि बेअरिंग फेकायचंच असेल, तर छर्ऱ्यांना अंतरावर ठेवणारा पत्र्याचा केज बारीक छिन्नीने तोडून काढा. केज गेला की सगळे छर्रे बोटाने एका बाजूला गोळा करा. समोरच्या बाजूला रिकामी जागा झाली की बाहेरची रिंग छर्ऱ्यांच्या बाजूला सरकवून तिरकी करून काढता येते. कारखान्यात छर्रे भरतात ते याच युक्तीने, आपण फक्त उलट्या क्रमाने जातो. छर्रे मोजून डबीत ठेवा. एखादा गिअरबॉक्सच्या घरात पडला आणि तसाच राहिला तर दातांच्या मध्ये जाऊन मोठं नुकसान करेल.

सेपरेटरनेही रिंग निघाली नाही तर कापायची. बेअरिंगची रिंग 58 ते 64 रॉकवेल (कडकपणाचं माप) इतकी कडक असते, त्यामुळे हॅकसॉचं पातं आणि कानस तिच्यावरून नुसते घसरतात. बारीक चकतीचा ग्राइंडर लागतो. आधी शाफ्टचा बाकीचा भाग, गिअर आणि भोकं ओल्या कापडाने आणि टेपने पूर्ण झाका. चकतीची पूड गिअरबॉक्समध्ये गेली तर ती नव्या बेअरिंगला आतून घासत राहते. रिंगवर आडवी नव्हे, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने पण किंचित तिरकी चीर घ्या. आरपार कापायचं नाही. जाडीचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापला की थांबायचं. मग त्या चिरेत छिन्नी लावून एक सणसणीत ठोका. कडक स्टील असल्यामुळे उरलेला भाग स्वतःच तडकतो, रिंगला केसाएवढी फट पडते, आणि मघाशी जराही न हलणारी रिंग हाताने फिरायला लागते. शेवटच्या टप्प्यात दर दोन-तीन सेकंदांनी चकती उचलून चिरेत डोकवा. शाफ्टवर ओरखडा उमटू देऊ नका. उमटलाच तर तेलदगडाने फक्त वर आलेली कड घासून काढा, बैठक गोल घासत बसू नका.

बाहेरची रिंग ॲल्युमिनियमच्या घरात अडकली असेल तर तिला ओढण्यापेक्षा घर गरम करणं चांगलं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. घर 80 ते 100 अंशांपर्यंत सगळीकडून सारखं तापवा, तोंड खाली करून लाकडी फळीवर एकदा हलकं आपटा, रिंग आपणहून गळून पडते. अट तीच: आधी अडवणारी सर्क्लिप आणि पट्टी काढलेली हवी.

नवं बेअरिंग घेताना

जुन्या रिंगवरचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. 6205 आणि 6305 दोन्हींचं भोक 25 मिमी आहे, कारण 04 पासून पुढे शेवटच्या दोन अंकांना 5 ने गुणलं की भोक मिळतं. पण पहिल्याचा बाहेरचा व्यास 52 आणि रुंदी 15, दुसऱ्याचा 62 आणि 17. एन हे अक्षर म्हणजे बाहेरच्या रिंगवर स्नॅप रिंगची खाच, एनआर म्हणजे खाच आणि स्नॅप रिंग दोन्ही. सी3 म्हणजे छर्ऱ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. सी3 चं नवं बेअरिंग हातात जरा सैल वाटतं म्हणून काही जण ते परत करून साधं आणतात. शाफ्टवर दाबून बसवल्यावर आतली रिंग फुगते आणि गरम झाल्यावर आणखी फुगते. ती मोकळीक त्यासाठीच ठेवलेली असते. सी3 च्या जागी साधं बसवलं तर ते गरम होऊन आवाज करतं, आणि तक्रार पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

टेपर रोलर (छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असलेलं) बेअरिंग असेल तर आतली शंकूसारखी रिंग आणि बाहेरचा कप दोन्ही बदला, आणि शिमचं, म्हणजे मोकळीक जुळवणाऱ्या पातळ चकतीचं, माप पुन्हा घ्या. जुना शिम तसाच टाकला तर बेअरिंग एकतर जास्त आवळलं जातं किंवा सैल राहतं.

बसवताना

बैठक माइक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा. नवं बेअरिंग शाफ्टवर हाताने सरकत गेलं तर आनंद मानू नका. आतली रिंग शाफ्टवर फिरून बैठक झिजली आहे. पंचने ठिपके मारून शाफ्ट 'जाड' करायची युक्ती फार चालते, पण ठिपक्यांची टोकं थोड्याच दिवसांत झिजतात आणि रिंग पुन्हा फिरते. झीज अगदी थोडी असेल तर बेअरिंग पक्कं करणारं रिटेनिंग कंपाउंड चालतं. जास्त असेल तर बैठक धातू चढवून घासून घ्यावी किंवा शाफ्ट बदलावा.

शाफ्ट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, गुंडाळून. घरातल्या फ्रीझरच्या उणे 18 अंशांवर 30 मिमीचा शाफ्ट खोलीच्या तापमानापेक्षा साधारण 0.015 मिमी बारीक होतो. बेअरिंग ओव्हनमध्ये किंवा स्वच्छ तेलात 100 अंशांपर्यंत गरम करा, 120 च्या पुढे नेऊ नका. रबरी सील असलेलं बेअरिंग तेलात बुडवू नका आणि 80 च्या आत ठेवा. हातमोजे घालून ते सरळ धरा आणि न थांबता एका दमात शाफ्टच्या खांद्यापर्यंत, म्हणजे शाफ्ट जाड होतो त्या पायरीपर्यंत, सरकवा. मध्येच अडलं तर दोन-तीन सेकंदांत दोन्हींचं तापमान सारखं होतं आणि ते तिथेच घट्ट बसतं. म्हणून आतल्या रिंगलाच टेकेल अशा मापाचा पाइप आधीच तयार ठेवा.

एक बारीक गोष्ट फार जण सोडून देतात. गरम बेअरिंग खांद्याला टेकलं तरी थंड होताना त्याची रुंदीही कमी होते आणि ते खांद्यापासून किंचित मागे येतं. पूर्ण गार होईपर्यंत ते पाइपने दाबून धरा. पाइपवर ठोकून बसवत असाल तर कानाने समजतं: बेअरिंग सरकतंय तोवर आवाज बोदा असतो, खांद्याला टेकलं की तो एकदम टणक होतो. मग रिंग आणि खांद्याच्या मध्ये 0.04 मिमीचं फीलर गेजचं पातं घालून बघा. ते कुठेही शिरता कामा नये. शेवटी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसते का ते बघा. बसत नसेल तर बेअरिंग अजून आत गेलेलं नाही. सर्क्लिप घासून बसवू नका.

तरीही आवाज परत आला तर

काढलेलं बेअरिंग फेकायच्या आधी रॉकेलने धुऊन भिंगाखाली बघा. ते कशाने गेलं, हे त्याच्यावरच उमटलेलं असतं. खोबणीत छर्ऱ्यांच्या अंतराइतक्या अंतरावर सारखे खड्डे असतील तर ते बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलं गेलं. सगळीकडे निस्तेज, बारीक ओरखडे म्हणजे आत कचरा होता. निळा किंवा तपकिरी रंग म्हणजे ऑइल कमी पडलं किंवा बेअरिंग फार आवळलं गेलं. आतल्या रिंगचं भोक आरशासारखं घासलेलं म्हणजे रिंग शाफ्टवर फिरत होती. एका रेषेत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या म्हणजे बेअरिंगमधून वीज गेली. गाडीवर वेल्डिंग करताना अर्थची क्लिप लांब लावली तर ती वाट गिअरबॉक्समधून जाऊ शकते. आणि खोबणीची एकच बाजू झिजलेली, तीही तिरकी, म्हणजे शाफ्ट इंजिनच्या रेषेत नव्हता.

या शेवटच्या खुणेकडे लक्ष द्या, कारण इनपुट शाफ्टचं बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असेल तर मी सगळ्यात आधी तीच शोधतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या घरामध्ये दोन पोकळ पिना असतात. बोल्ट दोन्ही घरं आवळतात, पण ती एका रेषेत ठेवण्याचं काम या पिना करतात. गिअरबॉक्स उतरवताना एखादी पिन पडते, कोपऱ्यात घरंगळते आणि राहून जाते. बोल्ट तरीही लागतात, गाडी तरीही चालते. पण शाफ्ट मिलिमीटरच्या काही भागाने बाजूला ओढला जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून तिरकं फिरतं. माझ्याकडच्या एका गाडीत एकामागून एक तीन बेअरिंग गेल्यावर ही पिन नाही हे लक्षात आलं. पिन बसवून चौथं बेअरिंग टाकलं. ते अजून चालू आहे.